बिनतेलाचा हवालदार

उचगावात ज्या घरी मी चार वर्षं भाड्यानं राहिलो, त्या घराचं फाटक अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. ते उघडलं की समोरच्या कट्ट्यावरचं कुत्रं उठून दुसरीकडं जाऊन झोपायचं. मी शिरोलीच्या एका फौंड्रीत क्वालिटीला होतो, म्हणजे दिवसभर कानात लोखंडाचा खणखणाटच. पण असलं किंचाळणं आमच्या कुठल्या मशीननं कधी केलं नाही. राहायला आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी शहाणपणा करायला गेलो. बाजारातनं शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणली आणि बिजागरीपाशी वाकलो.

"हात काढ," मागनं आवाज आला.

घरमालक उभे होते. बनियन, खाकी हाफ पँट, आणि डोक्यावर काथ्यासारखे ताठ उभे केस.

"फाटकाला तेल घालतोय. आवाज करतंय."

"आवाज करतंय म्हंजे चालतंय. आवाज बंद झाला की काळजी करायची. बाटली हिकडं आण."

बाटली जप्त झाली. लोखंडी ट्रंकेत गेली, कुलूप लागलं. मला वाटलं, चिक्कू माणूस दिसतोय, दुसऱ्याच्या तेलावर पण डोळा. पुढं कळलं की त्या घरात तेलालाच बंदी होती.

ते सैन्यातनं हवालदार म्हणून निवृत्त झालेले. काम आर्मररचं, म्हणजे पलटणीच्या बंदुका दुरुस्त करायच्या आणि चालत्या ठेवायच्या. आमच्याकडं गावात निवृत्त फौजी दिसला की लोक त्याला परस्पर सुभेदार करून टाकतात. यांना कुणी "काय सुभेदार" म्हणालं की हे रस्त्यात थांबून हिशेब चुकता करायचे. "हवालदार. जे मिळालं न्हाय ते मला चिकटवू नगंस." एकदा तर लग्नात स्पीकरवरनं नाव पुकारलं "सुभेदारसाहेब" म्हणून, तर हे स्टेजवर जाऊन, माईक घेऊन, दुरुस्ती करून आले. नवरा-नवरी हार हातात घेऊन बघत राहिली.

आणि तेल. डोक्याला तेल नाही, सायकलच्या चेनीला तेल नाही, जेवणात असलंच तर वासापुरतं. कोल्हापुरात राहून हा माणूस मिसळीच्या गाडीवर जाऊन म्हणायचा, "कट दे, पण वरचं तेल काढून." गाडीवाल्यानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पळी हातातच राहिली. "पावणं, कुठलं तुमी? पुण्याचं काय?" "उचगावचा हाय." "मग आजारी हायसा?" मी शेजारी उभा होतो. लाजेनं मान खाली घालून दुसऱ्याच्या ताटलीतला फरसाण मोजत होतो.

"तेल न्हाई म्हणून भांडी घासायला सोपी," घरमालकीणकाकू म्हणायच्या, "तेवढंच एक सुख दिलं ह्या माणसानं."

खोली बघायला गेलो होतो तेव्हा मला त्यांनी जात विचारली नाही, पगार विचारला नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. भिंतीला टेकवलेली एक लाकडी बंदूक उचलून माझ्या हातात दिली. "धर. हात सरळ. मी सांगीपतोर." आणि आत जाऊन चहा पिऊन आले. माझे हात लटलटायला लागले. "काय वाटतंय?" "जड आहे," मी म्हणालो. "बराबर. आदी आलेला म्हणाला, कायच न्हाय वाटत. खोटं बोलनाऱ्याला मी घरात ठेवत न्हाय. खोली तुजी."

ती बंदूक त्यांनी स्वतः तासून केलेली. बाभळीचं लाकूड, लांबीला बरोबर, आणि वजनासाठी पोटात लोखंडी गज. एसएलआर नावाच्या जुन्या फौजी रायफलीची ती प्रतिकृती. खरीचा घोडा दाबला की एक गोळी जायची, दुसरी आपोआप आत यायची, आणि पेटीत वीस गोळ्या. तरुणपणी हजारो वेळा त्यांनी ती खोलून जोडली होती. लाकडी बंदूक पावशेर हलकी भरते म्हणून त्यांना झोप लागत नव्हती, तेव्हा मी आमच्या साहेबांना विचारून रिजेक्ट मालातला एक तुकडा आणून दिला. तो आत बसवल्यावर त्यांनी मला पहिल्यांदा "बस" म्हणून खुर्ची दिली.

आता ती बंदूक माझ्या राजारामपुरीच्या फ्लॅटमध्ये दाराआड उभी आहे. हवालदार गेले त्याला दीड वर्ष झालं. काकूंनी ती मला दिली, कारण अण्णांना एका हातानं पेलत नाही. बायको म्हणते, ह्याचं करायचं काय? मी तिला म्हणतो, धरून बघ.

अण्णा कोण, ते सांगायलाच हवं, कारण अण्णांशिवाय हवालदार म्हणजे बिनमिठाचं कालवण.

अण्णा कागलच्या पलीकडच्या गावचे, हवालदारांच्याच पलटणीतले. उंच, काळेभोर, आणि डावा हात मनगटाच्या वरनंच नाही. शर्टाची डावी बाही दुमडून पिन लावलेली. दर रविवारी दहाच्या एसटीनं यायचे, फाटक ढकलायचे, ते किंचाळायचं, आणि अण्णा त्याच्याहून मोठ्यानं ओरडायचे, "आक्का, तुजा न्हवरा अजून जित्ता हाय व्हय?" काकू आतनं म्हणायच्या, "हाय की, काय करतासा!" हवालदार साडेनऊपासनं दारात उभे असायचे, पण एसटीची वाट बघतोय असं दाखवायचे नाहीत. लसूण सोलत उभे राहायचे. उभ्यानं लसूण सोलणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

मग सुरू व्हायचं. विषय एकच, जुनी बंदूक बरी का नवी.

"जड," अण्णा म्हणायचे.

"जड हाय. व्हय म्हंतो."

"लांब. खोलीत शिरायचं म्हणलं तर आदी बंदूक शिरती, मग मानूस. तवर आतला मानूस च्या पिऊन गोळी घालतोय."

"व्हय. खोलीत न्हाय चालत. जीपगाडीतनं उतरताना दारात अडकती, ते बी खरं. गोळी मोठी, म्हणून कमरंला कमी बसत्यात. ते बी खरं."

"मग ऱ्हायलं काय?"

"गोळी ऱ्हायली! भिताडाआड बसलेल्याला भिताडासकट घिऊन जानारी गोळी! नव्यांची बारकी गोळी, लागली तर लागली. चारशे मीटरवरचा मानूस टिपायचा म्हणलं तर आमचीच पायजे."

"चारशे मीटरवर आता बसतंय कोन तुज्यासाटी? वरनं खेळण्यातलं इमान येतंय, बाँब टाकून जातंय. ते पाडशील काय तुज्या मुसळानं?"

"आन तू काय, गोफन फिरवनार?"

"म्हणं तिकडं थंड मुलखातल्या लढाईत म्हाताऱ्या बंदुका परत काढल्यात," अण्णा स्वतःच सांगून बसायचे. "मोबाईलवर बगितलं. ती लाकडी दस्त्याची, एक-एक गोळीला खटका वढायची."

"बग! काढल्यात का न्हाय?"

"दुसरं न्हाय म्हणून काढल्यात! घरात बायको न्हाय म्हणून तू भाकरी थापलीस, म्हंजे तू सुगरन?"

काकू आतनं हसायच्या. हवालदारांचं मात्र एक होतं, खोटी वकिली नाही करायची. पहाऱ्याला जुनी चालते, हल्ल्याला नाही. लांबचं टिपायला चालते, गल्लीत नाही. मागच्या माणसाला द्यावी, पुढच्याला देऊ नये. जुनी मोडायला अवघड आणि मोडली तर गावच्या सुताराकडं दस्ता बसतो. नवीला अंधारात बघायचा चष्मा बसतो, पण चष्म्याचा सेल संपला की ती पण जुनीच. इतकं सगळं ते शांतपणे कबूल करायचे. नवी वापरणाऱ्या पोरांचं कौतुकसुद्धा करायचे.

पण अण्णा शेवटी एका वाक्यावर यायचे. "ते सगळं ऱ्हाऊ दे. तुज्या त्या बयेनं बर्फात मला दगा दिला. अडकली. हात गेला माजा."

इथं हवालदारांचा चेहरा उतरायचा. आवाजसुद्धा बदलायचा. "बंदूक अडकत न्हाय. बंदूक चांगली हुती."

"मग हात काय मांजरानं न्हेला?"

"बंदूक चांगली हुती," एवढंच. पुढं लसूण.

मला आधी वाटायचं, हेका. म्हातारी माणसं असतात तशी. पण एका रविवारी अण्णा आलेच नाहीत. नातीचं बारसं होतं, इकडं सांगायचं राहिलं, फोन लागेना. हवालदार दोन वाजेपर्यंत फाटकापाशी उभे. लसूण सोलून संपला, मग कांदे सोलले, मग नुसतेच उभे राहिले. जेवले नाहीत. काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि पदरानं हात पुसत हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. मला सांगितलं कारण कुणालातरी सांगायला हवं होतं, दुसरं काही नाही.

"ते दोगं वर बर्फातल्या चौकीला हुते. ह्यास्नी नुकतंच आर्मरर केलतं. कोल्हापूरच्या पावसात वाढलेला मानूस, ह्येला वैरी एकच ठाऊक, गंज. वर जायच्या आदी सगळ्या बंदुकांना भरपूर तेल लावलं. अण्णा आपल्या जिल्ह्याचे, जवळचे, म्हणून त्यांच्या बंदुकीला तर दुप्पट, मायेनं. बर्फात ते तेल तूप थिजावं तसं थिजलं. पैली गोळी सुटली, दुसरी आत जाईना. अण्णा डाव्या हातानं खटका वढत बसले आन तितंच हातावर गोळी लागली. चौकशीत लिवलं, बंदूक अडकली. ह्यांनी तोंड उगडलं न्हाय. तवापासनं तेलाला शिवत न्हाईत."

"आणि अण्णांना?"

"ठाऊक न्हाय. कळलं तर ते यायचे बंद हुतील. आन ते यायचे बंद झाले तर ह्यो मानूस दोन म्हयनं काढत न्हाय, लिवून घे."

तेव्हा मला रविवारच्या त्या कोर्टाचा उलगडा झाला. बंदुकीवर खोटा आळ आहे हे एकाच माणसाला माहीत होतं. तिचा वकीलही तोच आणि आरोपीही तोच. आळ सहन होईना, आणि काढायचा म्हटलं तर स्वतःचं नाव सांगायला पाहिजे. चिक्कू म्हणून मी ज्याला हसलो होतो तो माणूस इतकी वर्षं भाजीतल्या फोडणीला घाबरत होता. मला स्वतःची लाज वाटली. आणि मग, माणसाची जात, मी ते विसरून गेलो.

विसरलो नसतो तर व्हिडिओ काढला नसता.

पावसाळा संपला होता, ऊन छान होतं. दोघं ओट्यावर जुंपले होते. मी मोबाईल धरून अर्धा तास भांडण टिपलं. लाकडी बंदूक, लसूण, दगा देणारी बया, "मांजरानं न्हेला काय", सगळं. "जुनी बंदूक बरी का नवी? उचगावचे दोन फौजी" असं नाव देऊन इंटरनेटवर टाकून दिलं. मला वाटलं, आमच्या फौंड्रीतली चार पोरं बघतील. आठवडाभरात सांगलीचा माझा मेहुणा फोन करून विचारायला लागला, ती काकू कोण म्हणून.

पुढच्या रविवारी मटण शिजत होतं. अण्णा जाम खूष. "काय म्हंत्यात रं लोक? वाच, वाच. मोट्यानं वाच."

मी ओट्याच्या पायरीवर बसून वाचत सुटलो. "'आजोबा एक नंबर.' 'एका हातवाल्या आजोबांचं बरोबर आहे, जुनं ते भंगार.'" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "'हवालदार आजोबांना मिलिटरीचा मानाचा सलाम.'" हवालदार म्हणाले, "फुकटचा हाय, घ्या." "'मागनं हसणाऱ्या काकूंचा वेगळा व्हिडिओ काढा.'" काकू दारात आल्या, पळी हातात. मीही रंगात आलो होतो. पुढचं मोठं होतं, मी न बघता वाचायला घेतलं.

"'मीही आर्मरर होतो. रायफलीला नावं ठेवू नका. बर्फात ती अडकली म्हणजे खाली ज्यानं तेल...'"

जीभ चावली, पण गाडी स्टँड सोडून गेली होती.

"फुडं?" अण्णा म्हणाले.

"पुढं काही नाही. पांढऱ्या रश्श्याची कृती मागतोय कोणतरी."

"तेल म्हणालास."

"रश्श्यातलं तेल."

"मला हात एक हाय लेकरा, कान दोन हाईत. वाच."

मी हवालदारांकडं बघितलं. त्यांच्या हातात अर्धा सोललेला लसूण होता. काकूंनी माझ्याकडं असं बघितलं की त्या मटणात मलाच शिजवतील. मी देवाशप्पथ सांगतो, त्या क्षणी फाटकातनं पळून गेलो असतो, पण ते किंचाळलं असतं.

"वाचू नगंस," हवालदार म्हणाले. "मी सांगतो."

ते उठले. लसूण खाली ठेवला. हाफ पँटवर हात पुसले आणि साहेबासमोर उभं राहावं तसे टाचा जुळवून उभे राहिले.

"बंदूक चांगली हुती. तेल मी जास्त लावलं. सगळ्यांना लावलं, तुज्या बंदुकीला मुद्दाम दुप्पट. तू आपला मानूस म्हणून. तितं थिजलं. हात माज्यामुळं गेला तुजा. चौकशीत बोललो न्हाय. भ्यालो. आन नंतर तू येत ऱ्हायलास, मग तर लईच भ्यालो."

आत कुकरची शिट्टी झाली. काकू तोंडावर पदर धरून उभ्या होत्या.

"झालं सांगून?" अण्णा म्हणाले.

"झालं."

"मग बस की. गुडघं दुकतील."

हवालदार बसले नाहीत. अण्णा दुमडलेल्या बाहीची पिन चाचपत होते. "मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "त्याच दिवशी ठाऊक झालं. खटका वढताना बोटांना लागलं की ते. मेनागत झाल्तं."

हवालदारांचं तोंड उघडं राहिलं. "आन एवडी वर्सं तू बंदुकीला शिव्या घालत बसलास?"

"ऐक आदी. वर चढताना हुकूम काय हुता? आठीवतंय?"

"रोज सकाळी हत्यार कोरडं पुसायचं."

"मी पुसलं न्हाय. एक दीस बी न्हाय. बाकीची पोरं चिंध्या घिऊन बसायची, मी शेकत बसायचो. कुनी बोललं की म्हणायचो, माजी बंदूक माज्या मानसानं केलीया, तिला कशाला हात लावू? आळस, दुसरं काय. आळसाला इस्वास म्हणायचो." अण्णांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "तुजं तेल सांगायचं म्हंजे माजी चिंधी बी सांगाय लागली असती. त्यापरीस बंदुकीला शिव्या दिल्या. तिची काय पेन्शन थांबत न्हाय."

मला वाटलं, आता हे दोघं गळ्यात पडून रडणार. माझे तर डोळे भरूनच आले होते. पण हवालदारांचा चेहरा लालबुंद होत चालला होता.

"म्हंजे बिनगुन्ह्याच्या हत्याराची बदनामी केलीस तू! दर रैवारी! माज्या दारात बसून! माजं मटान खाऊन!"

"आन तू काय केलंस? तू तर तिचा वकील हुतास, तू तरी बोलायचास!"

"मी म्हनत हुतो की, चांगली हुती, चांगली हुती!"

"नुसतं चांगली हुती म्हणून सुटतंय काय कोन?"

"आता जेवतासा का मी पातेलं शेजारी देऊ?" काकू ओरडल्या. त्या रडतही होत्या आणि ओरडतही होत्या.

जेवायला बसलो. तांबडा रस्सा नेहमीसारखाच, पाण्यागत. अण्णांनी दोन घास खाल्ले आणि वाटी खाली ठेवली.

"आक्का, ह्या घरात तेल हाय काय?"

काकूंनी हवालदारांकडं बघितलं. हवालदारांनी कमरेची किल्ली काढून दिली. ट्रंक उघडली आणि चार वर्षांपूर्वी जप्त झालेली माझी बाटली बाहेर आली. बूचसुद्धा तसंच.

अण्णा उठून सरळ फाटकाकडं गेले. मागनं हवालदार, त्यांच्या मागनं आम्ही. अण्णांनी दातानं बूच उपटलं आणि बाटली बिजागरीवर तिरकी केली.

"थेंब!" हवालदार ओरडले. "एक थेंब! आरं, एक!"

एका हाताचा माणूस, धार लागली ती लागलीच. तेल बिजागरीवरनं ओघळलं, फाटकाच्या पट्टीवरनं खाली आलं, फरशीवर डबकं झालं. हवालदारांनी खिशातनं चिंधी काढली. सैन्यातनं येऊन एवढी वर्षं झाली तरी त्यांच्या खिशात एक स्वच्छ, चौकोनी घडी केलेली चिंधी असायची. ती कशासाठी, हे मी कधी विचारलं नव्हतं. ते पुसायला खाली वाकले.

अण्णांनी बाटली माझ्याकडं दिली आणि आपला उजवा हात हवालदारांपुढं केला.

"दे हिकडं," ते म्हणाले. "ह्या टायमाला मी पुसतो."